पेपर जर्नलला पाठवण्याआधी: मॅन्युस्क्रिप्टची तयारी, पायरीपायरीने

ठाणे खाडीच्या गाळात शिसं किती आहे, यावरचा पेपर होता. ऐरोली, वाशी, शिवडी ही तीन ठिकाणं, बारा महिने, दर महिन्याला ओहोटी गाठून प्रत्येक ठिकाणचा एक नमुना. आमच्या विद्यार्थिनीने पद्धतीच्या भागात ३६ नमुने असं लिहिलं होतं आणि मीही ते चार वेळा वाचून पुढे गेले होते. जर्नलची अट होती की प्रत्येक तक्त्यात नमुन्यांची संख्या वेगळ्या रकान्यात हवी. ती तो रकाना भरायला बसली तेव्हा ऐरोलीसमोर १२ आले, वाशी आणि शिवडीसमोर ११-११. जुलैत पावसाने असं झोडपलं होतं की दोन ठिकाणी चिखलात उतरताच आलं नव्हतं. फील्डच्या वहीत ही नोंद होती, पेपरात नव्हती. सरासरी ३४ नमुन्यांची होती आणि आम्ही ती ३६ची म्हणून छापायला निघालो होतो.

त्या एका रकान्याने मला शिकवलं की जर्नलचे पुष्कळसे नियम आपलंच काम आपल्याला पुन्हा तपासायला लावतात. म्हणून फॉरमॅटिंग शेवटच्या रात्रीवर ढकलू नका. लिखाण झाल्यावर त्यासाठी स्वतंत्र दोन-तीन आठवडे ठेवा. कलिना, माटुंगा, परळ इथून येणाऱ्या मुलांना मी गेली काही वर्षं ज्या क्रमाने हे काम करायला सांगते, तोच क्रम इथे देते आहे.

आधी जर्नल ठरवा

तुमच्या संदर्भांची यादी उघडा आणि कोणती जर्नल्स पुन्हा पुन्हा येतात ते मोजा. तुमचा वाचक तिथेच आहे. त्यातली दोन-तीन निवडून प्रत्येकाची व्याप्ती वाचा आणि गेल्या वर्षभरातले चार-पाच पेपर पूर्ण वाचा. तुमच्यासारखं काम, तुमच्याएवढ्या नमुन्यांवरचं, तिथे छापून आलेलं दिसलं तर पुढे जा. १ जानेवारी २०२५पासून सुरू झालेल्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेमुळे सरकारी संस्था आणि विद्यापीठांमध्ये सुमारे १३,००० जर्नल्स वाचायला मिळतात. कलिन्याच्या जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात किंवा तुमच्या संस्थेच्या ग्रंथपालांना एकदा भेटून हा अॅक्सेस नीट चालू करून घ्या. 'हे जर्नल आम्हाला मिळत नाही' असं म्हणत ते न वाचताच तिथे पेपर पाठवणारे अजूनही भेटतात.

यूजीसीने मान्य जर्नल्सची आपली केअर यादी २०२५च्या फेब्रुवारीत बंद केली, त्यामुळे 'यादीत आहे ना, मग झालं' हा आधार आता राहिलेला नाही. पारख आपणच करायची. संपादक मंडळातली माणसं खरंच त्या संस्थांमध्ये आहेत का? त्यांच्या स्वतःच्या पानावर या जर्नलचा उल्लेख आहे का? फी आधी स्पष्ट लिहिली आहे का? ओपन अॅक्सेस, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणारं जर्नल असेल तर अशा जर्नल्सच्या डीओएजे या सूचीत नाव आहे का? सात दिवसांत स्वीकृतीचं आश्वासन देणारा ईमेल आला तर तो तिथेच सोडून द्या. चांगल्या जर्नलच्या नावाने हुबेहूब खोटी वेबसाइट उभी करण्याचे प्रकार होतात, म्हणून पत्ता प्रकाशकाच्या मूळ साइटवरून शोधा, ईमेलमधल्या लिंकवरून नाही.

जर्नल ठरलं की लेखकांसाठीच्या सूचनांची प्रिंट काढा आणि पेन घेऊन बसा. शब्दमर्यादा, सारांशाची मर्यादा, आकृत्या किती चालतात, संदर्भांची शैली, परीक्षकांपासून लेखकांची नावं लपवायची की नाही, या पाच गोष्टींखाली रेघ मारा. काही जर्नल्स पहिल्या सबमिशनला कुठलीही सुसंगत मांडणी स्वीकारतात. तसं असेल तर स्वल्पविराम आणि ठळक अक्षरं जुळवण्यात आठवडा घालवू नका. आणि एका वेळी एकाच जर्नलला पाठवा. दोघांना एकदम पाठवणं हा प्रकाशनातला गंभीर गैरव्यवहार मानला जातो.

आकृत्या आणि तक्ते पहिले

मजकुराला हात लावण्याआधी सगळ्या आकृत्या आणि तक्ते अंतिम रूपात तयार करा. एका टेबलावर त्या ओळीने मांडा. फक्त त्या पाहून, मजकूर न वाचता, सहकाऱ्याला गोष्ट कळली पाहिजे. जी आकृती काढून टाकली तरी गोष्ट अडत नाही, ती पूरक फाइलमध्ये जाईल.

आकाराचं गणित आधी करा. बऱ्याच जर्नल्समध्ये एका स्तंभाची रुंदी साधारण ९० मिलिमीटर असते. फोटोला ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे ९० मिलिमीटरसाठी सुमारे १०६३ पिक्सेल. रेषाचित्राला १००० डीपीआय मागितले तर हाच आकडा ३५४३ होतो. एक्सेलमधला आलेख कॉपी करून वर्डमध्ये चिकटवला आणि तिथून इमेज म्हणून सेव्ह केला, की पिक्सेल गळतात. नंतर सॉफ्टवेअरमध्ये डीपीआयचा आकडा वाढवून ते परत येत नाहीत. आर, ओरिजिन किंवा पायथनमधून थेट पीडीएफ किंवा ईपीएस काढा. जेपीईजी प्रत्येक सेव्हला थोडी माहिती गमावतो, म्हणून फोटोंसाठी टिफ वापरा.

मग आलेख छापील आकारात, म्हणजे खरोखर ९० मिलिमीटर रुंद करून प्रिंट काढा. अक्षांवरची अक्षरं चष्मा न काढता, कागद डोळ्यांशी न नेता वाचता आली पाहिजेत. त्या आकाराला सात-आठ पॉइंट लागतात. स्क्रीनवर मोठा दिसणारा आलेख इथे हमखास उघडा पडतो. लाल आणि हिरव्याची जोडी टाळा, रंगांधळ्या वाचकाला दोन्ही रेषा सारख्याच दिसतात. निळा आणि नारिंगी घ्या, शिवाय खुणांचे आकार वेगळे ठेवा, म्हणजे काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्येही फरक कळेल. त्रुटीरेषा कशाच्या आहेत, प्रमाण विचलनाच्या की प्रमाण त्रुटीच्या, हे आकृतीखाली लिहा. प्रमाण त्रुटी नेहमी लहान दिसते, म्हणून ती निवडण्याचा मोह होतो. परीक्षकाला हे माहीत असतं.

सूक्ष्मदर्शकाखालच्या फोटोवर '४०० पट' लिहिणं निरर्थक आहे, कारण छापताना आकार बदलतो. फोटोवर मापपट्टी टाका. उजेड किंवा काँट्रास्ट बदलायचा तर पूर्ण फोटोचा बदला. एखादाच पट्टा ठळक करणं म्हणजे फेरफार, आणि त्यासाठी पेपर मागे घ्यावे लागले आहेत. नकाशावर उत्तर दिशा, प्रमाणपट्टी आणि अक्षांश-रेखांश हवेत.

तक्ता वर्डच्या टेबलमध्येच करा, चित्र म्हणून चिकटवू नका. उभ्या रेघा काढून टाका. मशीनने २३.४५६७ दाखवलं म्हणून तसं छापायचं नाही, विचलन १.२ असेल तर २३.५ ± १.२ पुरे. मोजणीच्या मर्यादेखालच्या मूल्याला शून्य लिहू नका. 'मर्यादेपेक्षा कमी' लिहा, तळटीपेत ती मर्यादा द्या आणि सरासरी काढताना अशा मूल्यांचं काय केलं तेही सांगा.

मजकूर कोणत्या क्रमाने

छापताना क्रम प्रस्तावना, पद्धत, निष्कर्ष, चर्चा असा असतो. लिहिताना पद्धतीपासून सुरुवात करा, कारण तिथे विचार कमी आणि नोंद जास्त असते. मग निष्कर्ष, चर्चा, प्रस्तावना, आणि शीर्षक व सारांश सर्वांत शेवटी.

पद्धतीच्या भागाची कसोटी एकच: दुसऱ्या शहरातला अनोळखी माणूस हे वाचून तेच काम करू शकेल का? गाळ किती खोलीवरून घेतला, प्लॅस्टिकच्या चमच्याने की धातूच्या, कोणत्या तापमानाला किती तास वाळवला, चाळणी किती मायक्रॉनची, आम्ल कोणतं आणि किती मिलिलिटर, मशीनची कंपनी आणि मॉडेल, प्रमाणित संदर्भ नमुन्यात, म्हणजे ज्यातलं धातूचं प्रमाण आधीच माहीत असतं त्यात, किती टक्के वसुली मिळाली. धातूच्या चमच्याचा प्रश्न मी मुद्दाम लिहिला. शिसं मोजणाऱ्याला तो परीक्षक विचारतोच.

निष्कर्षांत पी-व्हॅल्यूचा, म्हणजे खरा फरक नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याच्या शक्यतेचा, नेमका आकडा द्या. फक्त '०.०५पेक्षा कमी' लिहिल्याने ०.०४९ आणि ०.००२ एकाच पंक्तीला बसतात. अगदीच लहान असेल तर ०.००१पेक्षा कमी असं चालतं. 'सिग्निफिकंट' हा शब्द फक्त संख्याशास्त्रीय अर्थाने वापरा. 'महत्त्वाचं' म्हणायचं असेल तर दुसरा शब्द शोधा. केलेलं काम आणि मिळालेले निष्कर्ष भूतकाळात, सर्वमान्य ज्ञान वर्तमानकाळात.

इंग्रजीबद्दल मोकळेपणाने बोलते. मराठी माध्यमातून आलेली मुलं इंग्रजीला घाबरतात आणि त्या भीतीपोटी अवघड शब्द आणि लांब वाक्यं लिहितात. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे मनात मराठी वाक्य घेऊन इंग्रजी लिहिलं की कर्ता एका टोकाला आणि क्रियापद दुसऱ्या टोकाला जातं. उपाय सोपा आहे: एका वाक्यात एकच गोष्ट, कर्त्याच्या लगेच पुढे क्रियापद. मी मसुद्याची प्रिंट घेऊन सीएसएमटीहून ठाण्याला स्लो लोकलने जाते; तासाभरात चर्चेचा भाग पेनाने तपासून होतो. घरी आल्यावर तोच भाग मोठ्याने वाचते. जिथे श्वास अपुरा पडतो, तिथे वाक्य तोडते.

चॅटजीपीटीसारखं साधन भाषा सुधारायला घेतलं असेल तर जर्नलचा नियम बघून तसं जाहीर करा. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने, म्हणजे आयसीएमजेईने, २०२३मध्ये स्पष्ट केलं की असं साधन लेखक होऊ शकत नाही. त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ मूळ पेपर उघडून तपासा, कारण ही साधनं अस्तित्वातच नसलेले पेपर बिनदिक्कत सुचवतात.

म्यूचं एम होतं

ही गोष्ट छोटी वाटेल, पण हिच्याइतकी धोकादायक चूक मी दुसरी पाहिलेली नाही. जुन्या वर्ड फाइल्समध्ये मायक्रोचं चिन्ह, म्हणजे ग्रीक म्यू, सिम्बॉल फॉन्टमध्ये एम टाइप करून काढलेलं असतं. पोर्टलवर अपलोड होताना किंवा संपूर्ण मजकूर सिलेक्ट करून टाइम्स न्यू रोमन लावताना तो फॉन्ट गळून पडतो आणि म्यूच्या जागी साधा एम उरतो. मायक्रोग्रॅमचा मिलिग्रॅम झाला, म्हणजे आकडा हजारपट फुगला. कुठेही लाल रेघ येत नाही, कारण दोन्ही एककं बरोबरच आहेत. वर्डच्या शोध सुविधेने प्रत्येक मिलिग्रॅम शोधून काढा आणि वहीशी ताडून बघा. म्यू चिन्हांच्या यादीतून, चालू फॉन्टमध्येच घाला.

तसंच एक्सेलचं. जनुकांची नावं एक्सेल तारखा समजतो. सेप्ट२चं 'दोन सप्टेंबर' होतं. हा घोळ इतका पसरला की मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२०मध्ये अशी नावंच बदलली आणि सेप्ट२ आता सेप्टिन२ झालं. जनुकांचा किंवा नमुना क्रमांकांचा रकाना आधी 'टेक्स्ट' करा, मग डेटा टाका.

आकडा आणि एकक यांत एक जागा सोडा. प्रजातीचं शास्त्रीय नाव तिरप्या अक्षरांत, पहिल्यांदा पूर्ण आणि नंतर वंशाचं आद्याक्षर. तिवराचं पूर्ण नाव सारांशात एकदा आणि मुख्य मजकुरात पुन्हा एकदा लिहायचं, कारण सारांश स्वतंत्रपणे वाचला जातो.

लेखकांची नावं

कोण लेखक, हा वाद पेपर तयार झाल्यावर सुरू झाला तर नाती तुटतात. काम सुरू होतानाच गाइडसमोर हा विषय काढा. आयसीएमजेईच्या चार अटी आहेत: कामात ठोस वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा त्यात वैचारिक भर घालण्यात सहभाग, अंतिम प्रतीला संमती, आणि कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. चारही हव्यात. विभागप्रमुख आहेत म्हणून किंवा मशीन वापरायला दिलं म्हणून नाव घालायचं नसतं. त्यांचे आभार मानायचे. हे मॅडमना किंवा सरांना सांगणं विद्यार्थ्याला जड जातं हे मला माहीत आहे. जर्नलचं लेखक-योगदानाचं पान भरायला घेऊन त्यांच्यापुढे ठेवा. 'तुमचं योगदान काय लिहू?' हा प्रश्न त्या पानामुळे आपोआप निघतो.

नावाचं स्पेलिंग एकदाच ठरवा आणि आयुष्यभर तेच ठेवा. एका पेपरात स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव, दुसऱ्यात नुसती आद्याक्षरं, लग्नानंतर तिसऱ्यात वेगळं आडनाव, असं झालं की सूचींमध्ये एका बाईच्या तीन बायका होतात. संशोधकाची ओळख पटवणारा, २०१२पासून मिळणारा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक मोफत आहे, आजच काढा. पाटील आणि जोशींनी तर नक्कीच. संस्थेचं नावही अधिकृत लिहा. युनिव्हर्सिटी ऑफ मुंबईचं कुणी बॉम्बे युनिव्हर्सिटी करतं, आणि आयआयटी बॉम्बेचं आयआयटी मुंबई.

परवानग्या

माणसांवर काम असेल तर संस्थेच्या एथिक्स कमिटीचा मंजुरी क्रमांक आणि तारीख, प्राण्यांवर असेल तर प्राणी एथिक्स समितीचा. क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या नोंदवहीतला नोंदणी क्रमांक, आणि ती नोंदणी पहिला रुग्ण घेण्याच्या आधीची हवी. भारतात ती १५ जून २००९पासून सक्तीची आहे. खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीत नमुने घेतले असतील तर वनविभागाच्या परवानगीचा क्रमांक. शिवाय निधी कुणाचा, हितसंबंध आहेत का, मूळ डेटा कुठे मिळेल, ही तीन निवेदनं. 'मागितल्यास देऊ' लिहिण्यापेक्षा डेटा झेनोडोसारख्या ऑनलाइन भांडारात ठेवून त्याचा डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक द्या.

साम्य-तपासणी, म्हणजे आपला मजकूर आधी छापलेल्या लिखाणाशी किती जुळतो याची तपासणी, सबमिट करण्याआधी करा. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरलं आहे, पण जर्नलचा संपादक टक्क्यांपेक्षा साम्य कुठे आहे हे बघतो. चर्चेतला एक परिच्छेद जसाच्या तसा दुसऱ्याचा असेल तर चार टक्केही जास्त. तुमचा प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात असेल तर त्याच्याशी साम्य दिसणारच. ते कव्हर लेटरमध्ये, म्हणजे संपादकाला लिहायच्या पत्रात, आधीच सांगून टाका.

संदर्भ

हाताने टाइप करू नका. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि जर्नलची शैली एका क्लिकने बदलतो. एका ठिकाणी नाकारलं गेलेलं काम दुसरीकडे पाठवताना त्याची किंमत कळते. मात्र तो जे ओढून आणतो ते डोळे मिटून घेऊ नका: शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये, पानांचे आकडे गायब, जर्नलचं नाव अर्धवट, हे नेहमीचं आहे. प्रत्येक डीओआय एकदा उघडून बघा. मागे घेतलेल्या पेपरवर झोटेरो लाल इशारा दाखवतो, त्याकडे दुर्लक्ष करू नका.

फाइल, पत्र, अपलोड

मुख्य फाइल दुहेरी अंतरात, पान क्रमांक आणि सलग ओळक्रमांकांसह. ओळक्रमांक नसले की परीक्षकाला 'सातव्या पानावर तिसऱ्या परिच्छेदात' असं लिहीत बसावं लागतं. नावं लपवायची असतील तर शीर्षकाचं पान वेगळं करा, आभार काढा, आणि वर्डच्या इन्स्पेक्ट डॉक्युमेंटमधून फाइलच्या पोटातलं लेखकाचं नावही पुसा. 'आमच्या आधीच्या अभ्यासात' असं वाक्य आणि पुढे स्वतःचा संदर्भ राहिला तर बाकी सगळी काळजी वाया जाते.

कव्हर लेटर एका पानाचं. नेमका प्रश्न काय होता, काय सापडलं, याच जर्नलच्या वाचकांना त्याचं काय, आणि हे काम अन्यत्र पाठवलेलं नाही. संपादकाचं नाव बरोबर लिहा. आधीच्या जर्नलचं नाव पत्रात तसंच राहणं ही वारंवार दिसणारी चूक आहे. परीक्षक सुचवायला सांगितले तर गाइडचे मित्र सुचवू नका, ज्यांचे पेपर तुम्ही खरंच वाचलेत ते सुचवा, आणि त्यांचा संस्थेचा ईमेल द्या.

अपलोड दिवसाउजेडी करा, मुदतीच्या रात्री नाही. पोर्टल सगळ्या फाइल्स जोडून एक पीडीएफ बनवतं. ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मंजुरीचं बटण दाबू नका: म्यू जागेवर आहेत का, आकृत्यांचा क्रम बरोबर आहे का, समीकरणं चौकोन तर झाली नाहीत ना. तेच पीडीएफ सर्व सहलेखकांना पाठवून त्यांची लेखी संमती घ्या. पाठवल्यानंतर दोन-तीन दिवसांत 'तांत्रिक तपासणी'चा ईमेल आला आणि पेपर परत आला, तर खचू नका. तो नकार नसतो. सांगितलेलं तेवढंच दुरुस्त करून परत पाठवा.

ज्या फाइल्स पाठवल्या त्यांची एक प्रत तारीख घालून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, त्यात हात घालू नका. मॅन्युस्क्रिप्ट क्रमांक वहीत लिहा. आणि उरलेला वाळवलेला गाळ, लेबल लावलेल्या पिशव्यांसकट, उत्तर येईपर्यंत कपाटात राहू द्या. आमच्या परीक्षकाने चार महिन्यांनी गाळाच्या कणांचा आकार मागितला, कारण धातू बारीक चिकणमातीला जास्त चिकटतात, आणि त्या ३४ पिशव्या तिथे होत्या.